फरागो : आंबोणाच्या घमेल्यातला शब्द

भाचा सध्या बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय. परवा त्याची इंग्रजीची वही चाळत होतो. ‘फरागो’ या शब्दापुढे क्लासच्या यादीतून उतरवलेला एकच अर्थ होता: मिश्रण. त्याखाली त्याने स्वतः बनवलेलं वाक्य. मराठीत सांगायचं तर, ‘माझ्या आईने पाच भाज्यांचा रुचकर फरागो केला.’

व्याकरण चोख, स्पेलिंग बरोबर, यादीतल्या अर्थाशी पूर्ण इमान राखलेलं. पण ताईला या शब्दाचा खरा अर्थ कळला असता, तर त्या रात्री पोराला जेवायला मिळालं नसतं.

आपल्याकडे हा शब्द गाजला तो मे 2017 मध्ये. एका वृत्तवाहिनीने खासदार शशी थरूर यांच्याबद्दल बातम्या दाखवल्या आणि थरूर यांनी ट्विटरवर उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की विपर्यास, चुकीची मांडणी आणि धडधडीत खोटं यांचा हा वैताग आणणारा फरागो आहे. मूळ वाद बाजूला राहिला आणि लोक शब्दकोश उघडून बसले. विनोद झाले, मीम फिरल्या, क्लासवाल्यांनी शब्द यादीत घातला. शब्द सगळीकडे पोचला, पण सोलून पोचला. आतला डंख वाटेतच गळून पडला आणि हाती उरलं ते ‘मिश्रण’.

आधी गोठ्यात जाऊ

फरागो हा शब्द लॅटिन, म्हणजे प्राचीन रोमच्या भाषेतला. त्याचं मूळ ‘फार’ नावाच्या धान्यात आहे. हा फार आपल्याला परका नाही. सांगली, सातारा, कोल्हापूरकडे ज्याला खपली गहू म्हणतात, ज्याची खीर आणि पुरणपोळी लोक आवडीने करतात, त्याच जातकुळीतला तो गहू. खपलीची एक खोड असते. मळणी झाली तरी टरफल दाण्याला चिकटून राहतं. ते सुटायला कांडावं लागतं. ही खोड लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

रोमन लोक पिढ्यान्‌पिढ्या या धान्याची पेज खाऊन वाढले. खानदानी घराण्यांतल्या लग्नात याच धान्याची भाकर ज्युपिटर देवाला वाहायची आणि त्या विधीच्या नावातही ‘फार’ गुंफलेला होता. इंग्रजीतले बार्ली आणि बार्न, म्हणजे सातू आणि धान्याचं कोठार, हे शब्दही याच गोतावळ्यातले.

चांगला दाणा माणसांना गेला, देवाला गेला. मग चाळणीखाली उरलेल्या मालाचं काय करायचं? इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनीने शेतीवर लिहिताना हे सांगून ठेवलंय. फारचा निवडून उरलेला गाळ दाट पेरायचा, त्यात कधीमधी शेंगवर्गातलं एखादं चाऱ्याचं पीक मिसळायचं आणि ते जनावरांना घालायचं. याचं नाव फरागो. त्याच्याही आधीच्या व्हॅरो या लेखकाने सातू आणि कडधान्यं एकत्र पेरून हिरवीच कापलेली वैरण म्हणून फरागोचा उल्लेख केलाय.

ज्यांच्या घरी गुरं होती त्यांना हे वाचताना नवीन काही वाटणार नाही. ज्वारी दाट पेरून कणीस धरायच्या आत कापली की ते कडवळ. आणि मिसळण्याचा भाग पाहायचा तर आंबोण. आमच्या आजोळी दिवेलागणीला आजी घमेल्यात आंबोण कालवायची. सरकीची पेंड, गव्हाचा कोंडा, तुरीची चुणी, दुपारची उरलेली भाकरी, चिमूटभर मीठ. पाण्यात भिजून फुगलेल्या त्या लगद्यात कोंडा कुठे संपतो आणि पेंड कुठे सुरू होते हे सांगता यायचं नाही. गायीला त्याची गरजही नसायची. ती घमेल्यात तोंड घालायची आणि तळ चाटून पुसून काढायची.

जाता जाता एक गंमत. कवी व्हर्जिल घोडे पाळण्याबद्दल लिहिताना बजावतो, की शिंगराला वळण लावून झाल्यावरच त्याला दाट फरागो चारा. आधी चाराल तर माजेल. आमच्या गावातल्या कुठल्याही बैलवाल्याने कविता न करता हेच सांगितलं असतं.

गोठ्यातून कागदावर

वैरणीचा शब्द पुस्तकालाच लावला तो जुव्हेनल या रोमन कवीने, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला. तो लोकांच्या ढोंगावर बोचरी कवनं लिहायचा. आपल्या लिखाणाची ओळख करून देताना तो म्हणतो, माणसं जे जे करतात ते सगळं, त्यांचे नवस, भीती, राग, चैन, आनंद, धावपळ, हा माझ्या छोट्या पुस्तकाचा फरागो आहे.

यात एक खोच असावी असं मला वाटतं. असल्या बोचऱ्या लिखाणाला इंग्रजीत सटायर म्हणतात. त्या शब्दाचं मूळही रोमन व्याकरणकारांनी नाना पदार्थांनी भरलेल्या ताटात शोधलं होतं. म्हणजे बाकीच्यांचं सटायर हे देवापुढे मांडलेलं भरलं ताट, आणि जुव्हेनल म्हणतो, माझं मात्र गुरांचं आंबोण. आता यात त्याने स्वतःला कमी लेखलं की वाचकांना गुरं म्हटलं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला. नॉर्विचचे डॉक्टर थॉमस ब्राउन यांनी 1646 मध्ये लोकांच्या भ्रामक समजुती खोडून काढणारा एक जाडजूड ग्रंथ लिहिला. आजच्या भाषेत फॅक्ट-चेकच. अफवांवर सहज विश्वास ठेवणाऱ्या गर्दीचं वर्णन त्यांनी ‘फरॅजिनस’ असं केलं. हे फरागोचं विशेषण. सगळ्या थरांतली, स्वभावांची, वयांची माणसं एकात एक कालवलेली.

आणि 1709 मध्ये लंडनला रिचर्ड स्टील यांनी ‘टॅटलर’ हे पत्र काढलं, तेव्हा सुरुवातीच्या अंकांवर ब्रीदवाक्य म्हणून जुव्हेनलची हीच ओळ छापली. माणसं जे जे करतात तो आमचा फरागो. पत्रकारितेने हा शब्द तेव्हा पदकासारखा छातीवर लावला होता. तीनशे वर्षांनी तोच शब्द एका वाहिनीच्या बातम्यांवर शिवी म्हणून येऊन आदळला.

भाजणी आणि आंबोण

मग मिश्रण आणि फरागो यांत नेमका फरक काय?

थालीपिठाची भाजणी घ्या. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद, धणे. हीही धान्यांची मिसळच. पण प्रत्येक गोष्ट निवडून घेतलेली, मापाने घेतलेली, वेगवेगळी भाजलेली. उडीद जास्त झाला तर थालीपीठ चिवट होतं हे करणारीला माहीत असतं. काय घातलंय आणि का घातलंय, याचा जाब ती देऊ शकते. इंग्रजीत अशा मिश्रणासाठी ब्लेंड, मेडली, असॉर्टमेंट असे साधे, निरुपद्रवी शब्द आहेत. ताईच्या भाजीला त्यांतला एखादा चालला असता.

आंबोणाचं तसं नाही. एक तर त्यात जातं ते मुख्यतः उरलंसुरलं. दुसरं म्हणजे ते कालवल्यावर पाखडता येत नाही. सुपात घेऊन फोलपटं उडवावीत आणि दाणा राखावा, अशी सोयच राहिलेली नसते. आजच्या इंग्रजीत एखाद्या लेखाला, भाषणाला, आरोपपत्राला फरागो म्हटलं, की हे दोन्ही ठपके एकदम बसतात: माल हलका आहे, आणि खरं-खोटं असं कालवलंय की वेगळं करता येऊ नये.

शब्दकोशाने अर्थ ‘गोंधळलेलं मिश्रण’ असा दिला तरी वापरात तो निकाल देणारा शब्द आहे. ‘मिश्रण’ नुसतं वर्णन करतं. फरागो नाक मुरडून बोलतो.

‘खोटं म्हणजे खोटं, त्याला वेगळा शब्द कशाला?’

हा प्रश्न भाच्यानेच विचारला, आणि रास्त आहे. उत्तरासाठी नोव्हेंबर 2016 आठवा. दोन हजारांची नवी नोट आली. पाठोपाठ प्रत्येकाच्या कौटुंबिक ग्रुपवर एक निरोप आला. नवी गुलाबी नोट छापली आहे: खरं. नोटेतला सुरक्षा धागा तिरका धरला की हिरव्याचा निळा दिसतो: खरं. मागच्या बाजूला मंगळयान आहे: खरं. काळा पैसा बाहेर काढायचा म्हणून नोटबंदी केली, असं सरकारने सांगितलं: हेही खरं. आणि नोटेत एक नॅनो जीपीएस चिप आहे, ती उपग्रहाला जागा कळवते, 120 मीटर खोल पुरली तरी नोट सापडते.

शेवटचा भाग तद्दन खोटा. पण तो एकटा आला असता तर आमच्या काकांनीसुद्धा हसून सोडला असता. आधीच्या चार खऱ्या गोष्टींच्या गाडीत बसून आल्यामुळे तो पचला. काकांनी धागा तिरका करून पाहिला होता, रंग बदलला होता. मग चिप का नसेल?

नुसत्या खोट्याला ‘खोटं’ म्हणून मोकळं होता येतं. पण अशा निरोपाला खोटं म्हणालात, की समोरचा त्यातली एक खरी गोष्ट काढून तुमच्या नाकासमोर धरतो: ‘मंगळयान आहे की नाही? मग?’ आणि तुम्ही गप्प. एकेक वाक्य सोडवत बसलात तर संध्याकाळ जाते आणि तोवर दुसरा निरोप आलेला असतो. फरागो हा शब्द इथे कामाला येतो. त्यात खऱ्याचा अंश आहे हे तो नाकारत नाही. खऱ्याचं पीठ लावून खोटं थापलंय, एवढं तो सांगतो.

म्हणूनच एकच एक खोटं असेल तर फरागो म्हणू नये. ‘मी काल घरीच होतो’ ही थाप असेल, फरागो नाही. निदान दोन-तीन जिन्नस तरी हवेत.

कोर्टातलं सूप

पण मग एक मोठी अडचण उभी राहते. थोडं खोटं सापडलं म्हणून अख्खं बोलणं फेकून द्यायचं का? ही अडचण सगळ्यात जास्त भेडसावते न्यायाधीशांना. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, घडलेलं सांगतो आणि जोडीला भावकीच्या जुन्या रागापोटी दोन नावं जास्तीची घुसडतो. अशा साक्षीचं काय करायचं?

इंग्रजी कायद्यात एक लॅटिन म्हण आहे. तिचा अर्थ असा, की एका बाबतीत खोटा तो सगळ्या बाबतींत खोटा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती जशीच्या तशी स्वीकारली नाही. 1957 च्या निसार अली खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की भारतात हा कायद्याचा नियम नाही, सावधगिरीचा इशारा आहे. पुढेही निकालांमागून निकालांत एकच प्रतिमा येत राहिली: दाणे आणि फोलपटं वेगळी करणं हे न्यायाधीशाचं काम आहे. थोडक्यात, सूप हातात घ्या आणि पाखडा.

मात्र 1975 च्या बलाका सिंग खटल्यात न्यायालयाने याची हद्दही सांगितली. दाणा आणि फोलपट एकमेकांत असे गुंतले असतील की वेगळे करताच येत नाहीत, वेगळे करायला जावं तर न्यायालयालाच नवी कहाणी रचावी लागेल, तेव्हा ती साक्ष सगळीच बाजूला ठेवावी लागते.

आठवली का खपली? टरफल दाण्याला धरून बसलेलं? निकालात फरागो हा शब्द नाही, पण फरागोची व्याख्या मला त्याच्यापेक्षा नेमकी कुठे सापडलेली नाही. पाखडता येतं ते भेसळीचं धान्य. पाखडता येत नाही तो फरागो. त्यामुळे हा शब्द वापरणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. पाखडून पाहिलंत का? न पाहताच समोरच्याच्या म्हणण्याला फरागो म्हणणं ही पळवाट झाली, आणि ती नेते आणि वकील दोघेही सर्रास वापरतात.

मराठीत काय म्हणायचं?

वर्तमानपत्रांत बहुतेक वेळा ‘खिचडी’ असं भाषांतर दिसतं. मला ते पटत नाही. खिचडी आपल्याकडे आजाऱ्याचं पथ्य आहे, गुरुवारचा बेत आहे, वर तुपाची धार आहे. तिच्यात तिरस्कार नाही. भेळ आणि मिसळ यांचंही तेच. नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं, मग ठपका ठेवायचा कसा? ‘सावळा गोंधळ’ जवळ येतो, पण त्यात लबाडीचा वास नाही, नुसती अव्यवस्था आहे. ‘भेसळ’ मध्ये लबाडी आहे, पण भेसळ होते ती चांगल्या मालात वाईट माल घालून. फरागोत मूळ माल चांगला होता असं कुणी म्हणतच नाही.

सगळ्यात जवळची म्हण म्हणजे ‘अठरा धान्यांचं कडबोळं’. धान्यही आलं, मिसळही आली, आणि आघाडी सरकारांवर लिहिताना अग्रलेखवाल्यांनी त्याला नाक मुरडायलाही शिकवलंय. एकच खोट: कडबोळं शेवटी माणसाने खायचं असतं. म्हणून अनुवाद करताना मी संदर्भ पाहून ठरवतो. पक्षांबद्दल असेल तर कडबोळं. आरोपांबद्दल असेल तर ‘खऱ्याखोट्याचा काला’. आणि लेखक फारच चिडलेला असेल तर सरळ ‘आंबोण’. हा शेवटचा शब्द संपादक दर वेळी कापतात.

‘हा नुसता मिरवायचा शब्द आहे’

अर्धं मान्य. इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात फरागो फारसा येत नाही. तो अग्रलेखात, पुस्तकपरीक्षणात, संसदेतल्या भाषणात भेटतो. नोकरीच्या अर्जात किंवा बँकेच्या पत्रात घातलात तर वाचणारा तुमच्यापेक्षा शब्दाकडेच बघेल. आणि थरूर यांना शब्दांची आतषबाजी आवडते हेही खरंच. ऑक्टोबर 2018 मध्ये त्यांनी 29 अक्षरांचा ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा शब्द ट्विटरवर सोडला होता. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द मात्र खराखुरा मिरवायचा. त्याच्या जागी ‘कवडीमोल ठरवणं’ म्हटलं तर कुणाचं काही अडत नाही.

फरागोच्या जागी दुसरं काही ठेवून पाहा. मिक्स्चर म्हटलं तर ठपका जातो. लाइज म्हटलं तर मिसळ जाते. मेस म्हटलं तर लबाडी जाते. हा शब्द एकटा तिन्ही कामं करतो.

वापरायचाच असेल तर

उच्चार फ-रा-गो, जोर ‘रा’ वर. काही अमेरिकन ‘फरेगो’ असंही म्हणतात. स्पेलिंगमध्ये दोन आर, एक विसरू नका. मागे बहुधा ‘अ’ आणि पुढे ‘ऑफ’ लागतं, आणि ऑफनंतर काय काय कालवलंय त्याची नावं: अर्धसत्यं, अफवा, बढाया, निरर्थक बडबड. वस्तूंसाठी तो सहसा येत नाही. भाज्या, कपडे, फुलं यांचा फरागो म्हटलं तर ऐकणारा हसतो किंवा दुखावतो. कौतुकासाठी तर मुळीच नको. जुव्हेनलने स्वतःच्या लिखाणाला म्हटलं ते ठीक, स्वतःला टोचून घ्यायला परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या पुस्तकाला प्रेमाने फरागो म्हणालात तर मैत्री तुटेल.

‘व्हिरागो’ या सारख्या दिसणाऱ्या शब्दाशी गल्लत करू नये. त्याचा अर्थ कजाग, भांडकुदळ बाई. हा शब्द भाच्याला सांगितला, पण आईवर वाक्य बनवायचं नाही या अटीवर.

तासाभराने त्याने वही पुढे केली. जुनं वाक्य खोडून नवं लिहिलं होतं: ‘एका शब्दाचा अर्थ विचारला, तर मामाने लॅटिन, आंबोण, खपली गहू आणि कोर्टाच्या निकालांचा फरागो ऐकवला.’

व्याकरण याही वेळी चोख होतं. ताईने वाक्य वाचलं आणि पोराला आणखी एक थालीपीठ वाढलं.